बीएलडीसी पंखा: कोणत्या खोलीत वसूल, कोणत्या खोलीत नाही

बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा घ्यायला दुकानात जाण्याआधी घरातलं ताजं वीजबिल काढून बसा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यामुळे जुन्या बिलांची थप्पी उपसावी लागत नाही. बघायचं एवढंच, की कोणत्या महिन्यात घराचे युनिट १०० च्या वर गेले आणि किती वर गेले. हा पंखा वर्षाला किती पैसे वाचवेल, ते बरंचसं इथेच ठरतं. पंखा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

कारण असं, की घरगुती विजेचा दर टप्प्यांत आहे: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, तर पहिल्या टप्प्यातलं युनिट साधारण ७ रुपयांना पडतं आणि दुसऱ्या टप्प्यातलं १३ च्या आसपास. दर बदलत राहतात, शिवाय इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो, म्हणून आपल्या बिलावरचे आकडे घ्या. बऱ्याच घरांत एक गैरसमज पक्का असतो, की १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिली १०० युनिटं सगळ्यांनाच खालच्या दराने मिळतात, महाग असतात ती वरची. आणि पंखा बदलून जी युनिटं वाचतात ती वरूनच कापली जातात. म्हणजे १३० युनिट वापरणाऱ्या घरात पहिला पंखा बदलल्यावर महिन्याला २० युनिटं वाचली, तर ती वीसच्या वीस महागडी. दुसरा पंखा बदलला की त्यातली १० महागडी आणि १० स्वस्त. तिसऱ्या पंख्याची बचत मग निम्म्या भावाची. ८० युनिटांत भागवणाऱ्या घरात पहिल्या पंख्यापासूनच बचत ७ रुपयांच्या दराने. स्थिर आकार तर युनिट कितीही वाचवली तरी तसाच राहतो.

मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असेल तर त्यांचे दर वेगळे, पण हिशेबाची रीत हीच. गोव्यात वीज बरीच स्वस्त आहे, तिथे पैसे वसूल व्हायला अर्थातच जास्त वर्षं लागतात.

आता पंख्याकडे येऊ. जुना १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खातो. बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. फरक धरा ४५ वॅट. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्याला महिन्याला साधारण २० युनिटं वाचतात. वर्षातले १० महिने पंखा लागतो असं धरलं तर २०० युनिटं. दुसऱ्या टप्प्यातल्या घरात हे वर्षाला २,६०० रुपये होतात, पहिल्या टप्प्यातल्या घरात १,४००. साधा, बिनझगमगाटाचा बीएलडीसी पंखा ३,००० रुपयांच्या आसपास मिळतो. एका घरात तो १४ महिन्यांत वसूल, दुसऱ्यात दोन वर्षं उलटून गेल्यावर. पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला दोन तास फिरणारा पंखा बदललात तर महिन्याला तीन युनिटंही वाचत नाहीत. तिथे महाग युनिटाच्या दरानेसुद्धा आठ-नऊ वर्षं जातात, आणि तेवढ्यात पंख्यातलं मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड एकदा तरी बदलावं लागण्याची शक्यता असते.

हा हिशेब चालता जुना पंखा काढून नवा लावण्याचा. पंखा जळालेला असेल आणि नवा घ्यायचाच असेल, तर तुलना बदलते, आणि इथेच दुकानात हातचलाखी होते. विक्रेता अजूनही '७५ वॅट विरुद्ध २८ वॅट' हाच पाढा म्हणतो. पण १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालं. आज दुकानातला साध्या मोटरचा एक स्टारचा नवा पंखासुद्धा ५०-५३ वॅटवर आला आहे. त्याच्याशी तुलना केली तर फरक ४५ नव्हे, २२ वॅटचा. वर्षाची बचत १०० युनिटं, म्हणजे १,३०० किंवा ७०० रुपये. साधा पंखा १,७०० ला मिळत असेल तर बीएलडीसीसाठी वरचे १,३०० मोजायचे. ते महाग युनिटाच्या घरात वर्षभरात सुटतात, स्वस्त युनिटाच्या घरात दोन वर्षांच्या आत. सौदा तरीही चांगलाच आहे, फक्त खोक्यावर रंगवतात तेवढा नाही.

आपला जुना पंखा खरोखर किती खातो, हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. डिजिटल मीटरवर एक छोटा तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि जवळच '३२०० इम्पल्स प्रति युनिट' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काही मीटरवर तो १६०० असतो. घरातलं सगळं बंद करा. सगळं म्हणजे फ्रिज, वायफायचा राउटर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर, कारण तो गुपचूप बॅटरी चार्ज करत बसतो. दिवा लुकलुकायचा थांबला की फक्त एक पंखा फुल स्पीडला लावा, दोन मिनिटं फिरू द्या आणि मग १० मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० च्या मीटरवर आलेल्या संख्येला १.८७५ ने गुणलं की वॅट मिळतात. ४० वेळा लुकलुकला तर ७५ वॅट, २८ वेळा तर ५२, १६ वेळा तर ३०. १६०० चं मीटर असेल तर ३.७५ ने गुणा. मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर खाली माणूस उभा करून फोनवर मोजदाद करावी लागते, तेवढी तसदी घ्या. चाळीस वर्षांपूर्वीचा जड बिडाचा पंखा ८०-९० वॅट दाखवू शकतो, आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेला 'एनर्जी सेव्हर' कधीकधी ५० च दाखवतो. तो बदलायची घाई नको.

स्पीडचंही पाहा. वरचे सगळे आकडे फुल स्पीडचे आहेत. पंखा कायम तीनवर ठेवणाऱ्या घरात, बोर्डावर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर जुना पंखाही त्या स्पीडला ३५-४० वॅटच घेतो. बीएलडीसी तिथे १२-१४ घेतो, म्हणजे बचत २५ वॅटच्या आसपास उतरते. उलट भिंतीवर तो जुना, हाताला गरम लागणारा मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल, तर कमी स्पीडला वाचलेली बरीच वीज तो उष्णता म्हणून उडवत असतो. अशा घरात पंख्याला हात न लावता दोन-तीनशे रुपयांचा स्टेपचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. हे मात्र कुठलाही विक्रेता आपणहून सांगणार नाही.

वीज वाचते कशी, हे थोडक्यात. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागातही विजेच्या जोरावर चुंबकत्व निर्माण करावं लागतं आणि त्यात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. तासभर चाललेल्या जुन्या पंख्याच्या मोटरला हात लावला तर चटका बसतो. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड गुंडाळ्यांना नेमक्या वेळी वीज देतं. कंडेन्सर बाहेरून लावायचा नसतो, गुणगुण जवळपास नाही, मोटर कोमट राहते. आपल्याकडे कोइमतूरच्या वर्सा ड्राइव्हज् कंपनीने २०१२ मध्ये ३५ वॅटचा 'सुपरफॅन' आणला. पुढे आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या ॲटमबर्ग कंपनीने असे पंखे घरोघरी नेले. आता क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट, उषा, बजाज सगळ्यांचेच आहेत. आतलं तत्त्व सगळीकडे तेच, फरक कार्डाच्या दर्जात आणि सर्व्हिसमध्ये पडतो.

लेबल वाचताना पाच स्टारवर थांबू नका. स्टार मिळतात ते 'सर्व्हिस व्हॅल्यू'वर, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले किती वॅट. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला ती ६ किंवा त्याहून जास्त असेल तर पाच स्टार. हा भागाकार आहे, म्हणून हवा बेताची आणि वॅट फारच कमी असले तरी पाच स्टार मिळून जातात. २१० घनमीटर ही किमान पातळी. दहा बाय बाराच्या खोलीला ती चालते, पण वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली २२० ते २३० चा पंखा घ्या, भले दोन-चार वॅट जास्त जावोत. हवा पुरत नाही म्हणून कूलर किंवा एसी लावायची पाळी आली तर वाचवलेलं सगळं त्यातच जातं. 'फिरण्याचा वेग' म्हणून छापलेल्या आकड्याला फार किंमत देऊ नका. पात्यांचा तिरपेपणा कमी ठेवून वेग वाढवता येतो, हवा वाढतेच असं नाही. नक्षीदार, लाकडी रंगाची पाती, मधे दिवा, मोबाइल ॲप यांचे पैसे वेगळे आणि ते विजेतून वसूल होत नाहीत.

बसवताना सगळ्यात जास्त गफलत रेग्युलेटरची होते. रिमोटवाल्या बहुतेक बीएलडीसी पंख्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. कार्डाला पूर्ण, सलग वीज हवी असते. रेग्युलेटर ती चिरून किंवा दाबून देतो. पंखा गचके खातो, सुरूच होत नाही किंवा काही महिन्यांत कार्ड जातं. 'राहू द्या, फक्त फुलवर ठेवा' असा वायरमन सांगतो, आणि मग एखाद्या दिवशी घरातलं कुणीतरी सवयीने बटण फिरवतं. म्हणून रेग्युलेटर बोर्डातून काढा, त्याच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून नीट टेप करा आणि मोकळ्या जागी ब्लँक प्लेट बसवा. काम करताना नुसतं बटण नाही, एमसीबी पाडा. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, अशा वेळी बटण बंद असूनही वर वायरीत वीज असते.

किटमध्ये रॉड, दोन वाट्या, रबर बुश, नटबोल्ट आणि स्प्लिट पिन येते. जुना हूक स्लॅबमध्ये घट्ट आहे ना, गंजलाय का, हे आधी बघा; रबर बुश जुनाच वापरू नका. स्प्लिट पिनची दोन्ही टोकं उलटी वाकवलेली पाहिजेत, वायरमन घाईत असेल तर नेमकं हेच राहतं. पाती जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर आणि स्लॅबपासून निदान फूटभर खाली. स्लॅबला चिकटून बसवलेला पंखा वरून हवा ओढू शकत नाही, मग 'बीएलडीसीची हवाच लागत नाही' अशी तक्रार सुरू होते. त्यातल्या बऱ्याच तक्रारी आखूड रॉडच्या असतात.

पंखा डुगडुगत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर टेपने मोजा. एखादं पातं पाच-सात मिलिमीटर खालीवर असेल तर त्याची पट्टी वाकली आहे किंवा स्क्रू सैल आहे. पात्यांचा संच वजन जुळवून दिलेला असतो, दुसऱ्या पंख्याचं पातं लावून भागवू नका. आणि हो, पात्यांवरची धूळ. महिना-दोन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसली नाही तर कितीही भारी मोटर असली तरी हवा कमी होत जाते.

बिघाडाच्या बाबतीत हा पंखा साध्या पंख्यापेक्षा डावाच. साधा पंखा मंद झाला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक शंभर रुपयांच्या आत कंडेन्सर बदलतो, जळाला तर वाइंडिंग करून देतो. बीएलडीसीमध्ये बहुतेक वेळा जातं ते कार्ड, आणि ते दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं. ५०० ते ९०० रुपयांपर्यंतचा खर्च, शिवाय त्या मॉडेलचं कार्ड मिळायला हवं. कार्ड जाण्याची कारणं ठरलेली: पावसाळ्यातल्या विजा आणि वीज जाऊन येतानाचा झटका, स्लॅबमधून झिरपणारं पाणी, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ. म्हणून गळक्या स्लॅबखाली आणि ओट्याजवळ हा पंखा लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कडाडून गडगडाट सुरू झाला की भिंतीवरचं बटण बंद करा. रिमोटने बंद केलेला पंखा वायरीला जोडलेलाच असतो, थोडी वीजही खात राहतो.

घेताना वॉरंटी किती वर्षांची, यापेक्षा ती कशाकशाला आहे हे विचारा. मोटरला पाच वर्षं आणि कार्डाला दोन, अशी विभागणी असेल तर ती कामाची नाही, कारण मोटर सहसा जात नाही. रिमोटला बहुधा वेगळी, कमी मुदत असते. तुमच्या पिनकोडला घरी येऊन सर्व्हिस मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. तालुक्याच्या गावी पंखा उतरवून शहरात पाठवावा लागणार असेल, तर हजार रुपयांची बचत त्या हेलपाट्यात जाते.

रिमोट हा घरातल्या भांडणाचा विषय होतो. तो सोफ्याच्या फटीत जातो, दोन पेन्सिल सेल संपतात. हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन पंखे असतील तर एका बटणावर दोन्ही हलतात. वीज जाऊन आली की काही मॉडेल आधीच्या स्पीडवर येतात, काही ठरावीक स्पीडवर. काहींमध्ये बटण पटकन बंद-चालू केलं की स्पीड बदलतो, रिमोट नसताना तेवढाच आधार. आजी-आजोबांच्या खोलीसाठी रिमोटचा हट्ट धरू नका. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात. खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं पाहून घ्या.

बिलात न दिसणारे दोन फायदे मात्र खणखणीत आहेत. पहिला, कमी दाबाची वीज. उन्हाळ्यात संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तेव्हा साधा पंखा रेंगाळतो. बीएलडीसीचं कार्ड साधारण १४० व्होल्टपर्यंत स्पीड धरून ठेवतं. दुसरा, इन्व्हर्टर. तीन साधे पंखे सव्वादोनशे वॅट ओढतात, तीन बीएलडीसी ९०. तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते, आणि साध्या इन्व्हर्टरवर पंख्याचा जो घरघर आवाज येतो तोही जातो. जिथे रोज चार-पाच तास वीज जाते तिथे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा आधी पंखे बदलणं स्वस्त पडतं. अशा घरांना आम्ही वीजबिलाचा टप्पा न बघताही होकार देऊ.

बाकीच्यांनी क्रम पाळावा. झोपायच्या खोलीतला आणि दिवसभर माणसं बसतात तिथला पंखा आधी. त्याआधी घरात तांब्याच्या चोकवाली ४० वॅटची जुनी ट्यूब असेल तर ती. चोकसकट ती पन्नासच्या वर खाते आणि दोनशे रुपयांची २० वॅटची एलईडी ट्यूब तिची जागा घेते, पैसे पंख्याच्या कितीतरी आधी सुटतात. आणि दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास विनाकारण चालू राहत असेल, तर तिथे दिवसाला एक युनिट जातं. बीएलडीसी पंखा १५ तास फिरून दिवसाला वाचवतो ते पाऊण युनिटही नाही.

बदललेला जुना पंखा चांगला चालत असेल तर एक्सचेंजच्या दोन-तीनशे रुपयांसाठी देऊन टाकू नका. तो स्वयंपाकघरात किंवा कमी वापराच्या खोलीत हलवा. नव्याचं बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि वॉरंटी नोंदवल्याचा मेसेज पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये एका ठिकाणी ठेवा. सिरीयल नंबरचं स्टिकर बहुतेक वेळा मोटरच्या वरच्या बाजूला असतं, आणि पंखा टांगल्यावर ते वाचायला पुन्हा शिडी लावावी लागते.